अमेरिकेची उतारूगाडी : काल आणि उद्यां

सन १८२८ च्या जुलै महिन्याच्या ४ तारखेस, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनीं, बाल्टिमोर शहराबाहेर एक मोठा समारंभ झाला. चार्ल्स कॅरोल नांवाच्या नव्वद वर्षांच्या एका वृद्ध गृहस्थानें फावडें हातीं घेऊन जमीन उकरली आणि बाल्टिमोर अँड ओहायओ रेल्वेचा पहिला दगड बसविण्यांत आला. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ज्या छप्पन्न जणांनीं सह्या केल्या, त्यांपैकीं त्या दिवशीं हयात असलेला हा एकटाच पुरुष. त्या सहीच्या खालोखाल आपल्या हातून घडलेलें महत्त्वाचें कृत्य हेंच, असे उद्गार त्यानें काढल्याचें सांगतात. म्हाताऱ्याच्या तोंडची ही भाषा कोणास अतिशयोक्तीची वाटेल. परंतु पुढील शंभर वर्षांचा इतिहास पाहतां ती तशी नव्हती, असेंच म्हणावें लागतें.

आरंभींच्या गाड्या आजच्या दृष्टीनें पोरखेळ वाटाव्या अशा होत्या. १८३० च्या नाताळच्या दिवशीं साउथ कॅरोलायना संस्थानांतील चार्ल्सटन येथें ‘बेस्ट फ्रेंड’ नांवाच्या एंजिनानें नियमित उतारू वाहण्यास सुरुवात केली. पण सहाच महिन्यांत, झडपेंतून सुटणाऱ्या वाफेच्या फूत्कारानें त्रासलेल्या एका कामगारानें ती झडपच बंद करून टाकली, आणि एंजिनाचा स्फोट झाला. उतारूंची धास्ती घालविण्यासाठीं कंपनीनें मग एंजिन आणि उतारूंचे डबे यांच्यामध्यें कापसाच्या गठ्ठ्यांनीं रचलेला एक डबा जोडण्याचा प्रघात पाडला. ही युक्ति ऐकून हसूं येतें. पण कापसाच्या त्या भिंतीआड बसून कां होईना, लोक पुन्हां तिकीट काढून प्रवासास निघाले, ही गोष्ट अधिक ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. आपल्याकडे १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास एकवीस मैलांची पहिली सफर झाली, त्या वेळेपर्यंत अमेरिकेंत हजारों मैल लोहमार्ग पसरला होता. आणि १८६० च्या सुमारास तर ही लांबी तीस हजार मैलांवर गेली.

यादवी युद्ध ऐन भरांत असतां, १ जुलै १८६२ रोजीं, अध्यक्ष लिंकन यांनीं पॅसिफिक रेल्वेच्या कायद्यावर सही केली. पूर्वेकडून युनियन पॅसिफिक कंपनीनें ओमाहापासून १,०८६ मैल आणि पश्चिमेकडून सेंट्रल पॅसिफिक कंपनीनें सॅक्रामेंटोपासून ६९० मैल मार्ग घातला, आणि १० मे १८६९ रोजीं यूटा प्रांतांतील प्रोमॉन्टरी येथें सोन्याचा खिळा ठोकून दोन्ही टोकें जोडण्यांत आलीं. पूर्व किनाऱ्यावरून कॅलिफोर्नियास जावयास पूर्वी बैलगाड्यांनीं किंवा केप हॉर्नला वळसा घालून कित्येक महिने लागत. तो प्रवास आतां आठवड्याभरावर आला. हा सोहळा प्रत्येक अमेरिकन मुलाला शाळेंत शिकवितात. परंतु सिएरा नेवाडाच्या ग्रॅनाइटच्या डोंगरांतून बर्फांत राहून ज्यांनीं बोगदे फोडले, ते मजूर बहुतांशीं चिनी होते, हें फार काळ कोणी सांगत नसे. त्यांना गोऱ्या मजुरांपेक्षां कमी वेतन मिळे. १८६७ च्या जून महिन्यांत त्यांनीं समान वेतनासाठीं काम बंद केलें, तेव्हां कंपनीनें डोंगरांतील त्यांच्या तळांचा अन्नपुरवठा तोडला आणि आठवड्याभरांत संप मोडला. प्रोमॉन्टरी येथील प्रसिद्ध छायाचित्रांत हस्तांदोलन करणारे एंजिनियर दिसतात, उंचावलेल्या बाटल्या दिसतात. चिनी मजूर मात्र शोधूनहि सांपडत नाहींत. १८८२ मध्यें तर चिनी मजुरांस देशांत येण्यास बंदी करणारा कायदाच झाला. आणि त्या सोन्याच्या खिळ्याच्या जागेचें काय झालें? १९०४ सालीं ग्रेट सॉल्ट सरोवरावरून जवळचा मार्ग निघाला, प्रोमॉन्टरी आडबाजूस पडलें, आणि १९४२ सालीं तेथील रूळ युद्धकार्यासाठीं उखडून नेण्यांत आले.

१८६९ सालींच सुवेझचा कालवा खुला झाला, आणि १८७० मध्यें मुंबई-कलकत्ता हा लोहमार्ग पूर्ण झाला. जूल व्हर्न या फ्रेंच कादंबरीकाराचा नायक ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करतो ती या तिन्ही सोयींच्या बळावर; एका अर्थीं बोरीबंदर आणि सॅन फ्रान्सिस्को हीं एकाच वेळापत्रकांतलीं स्टेशनें झालीं होतीं. आपल्या पंडिता रमाबाई १८८६ सालीं आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठीं फिलाडेल्फियास गेल्या, आणि नंतर जवळजवळ तीन वर्षें त्या देशभर हिंडल्या. त्यांचें १८८९ मधील प्रवासवृत्त मराठीत आहे. त्या काळीं एका एकट्या बाईला इतका मोठा देश पालथा घालतां आला, तो आगगाडीमुळेंच.

आगगाडीनें माणसांचें घड्याळहि आपल्या हातीं घेतलें. पूर्वी प्रत्येक गांवाचा माध्यान्हकाळ सूर्यावरून ठरे. शेजारच्या शहरांत तो चार-पांच मिनिटांनीं पुढेंमागें असे, आणि प्रत्येक रेल्वे कंपनीची वेळ आणखी निराळी. अखेर रविवार, १८ नोव्हेंबर १८८३ रोजीं रेल्वे कंपन्यांनीं आपसांत ठरवून देशाचे वेळेचे पट्टे पाडले. कित्येक शहरांत त्या दिवशीं दुपारचे बारा दोनदां वाजले. सरकारनें या गोष्टीस कायद्याचें रूप दिलें तें १९१८ मध्यें, म्हणजे पस्तीस वर्षांनीं. मुंबईकरांनीं आपली एकोणचाळीस मिनिटें मागें असलेली ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत सोडली नव्हती, हें ज्यांना ठाऊक आहे त्यांना अमेरिकन लोकांनीं एका दिवसांत दाखविलेल्या या आज्ञाधारकपणाचें नवल वाटेल.

एवढ्या लांबच्या प्रवासांत रात्र कशी काढावयाची, हा प्रश्न होताच. तो जॉर्ज पुलमन यानें सोडविला. दिवसां बसावयाचीं बांकें रात्रीं बिछाने होतील असे गालिचे-पडद्यांनीं सजविलेले डबे त्यानें बांधले आणि १८६७ मध्यें कंपनी काढली. हे डबे कंपनीच्याच मालकीचे राहत आणि रेल्वे कंपन्यांच्या गाड्यांना कराराने जोडले जात. डब्याबरोबर त्यांतील सेवकहि पुलमनचाच असे. हा सेवक कृष्णवर्णी असावयाचा, असा त्याचा नियम होता. १८६५ मध्यें गुलामगिरी कायद्यानें नष्ट झाली होती. मुक्त झालेल्या त्या लोकांना काम हवें होतें, आणि पुलमनला कमी वेतनांत राबणारीं नम्र माणसें हवीं होतीं. बिछाने घालणें, जोडे पुसणें, सामान चढविणें, रात्रीं-अपरात्रीं घंटा वाजली कीं धांवत जाणें, हें त्यांचें काम. महिन्यास चारशें तास किंवा अकरा हजार मैल भरल्याशिवाय पगार पुरा होत नसे, आणि त्या पगारांत पोट भरत नसल्यामुळें सारी मदार बक्षिसीवर. उतारू त्यांना त्यांच्या नांवानें हांक मारीत नसत. सर्वांना एकच हांक : ‘जॉर्ज’. गुलामास धन्याच्या नांवानें ओळखावयाचें, तीच ही रीत.

पुलमनचा स्वभाव त्याच्या गोऱ्या कामगारांनाहि कळून चुकला. शिकागोजवळ त्यानें आपल्या नांवाचें एक सुबक गांव वसविलें होतें. १८९३ च्या मंदींत त्यानें मजुरी कापली, पण गांवांतल्या घरांचें भाडें कमी केलें नाहीं. १८९४ मध्यें संप झाला. यूजीन डेब्स याच्या संघटनेनें पुलमनचे डबे असलेल्या गाड्यांवर बहिष्कार घातला, आणि अध्यक्ष क्लीव्हलंड यांनीं सैन्य पाठवून तो मोडून काढला. १८९७ मध्यें पुलमन वारला, तेव्हां कामगार प्रेताची विटंबना करतील या भीतीनें त्याची शवपेटी रुळांच्या लोखंडाखालीं आणि काँक्रीटमध्यें गाडण्यांत आली. पुढें कंपनीचा अध्यक्ष झाला तो रॉबर्ट लिंकन. गुलामांना मुक्त करणाऱ्या अब्राहम लिंकनचा सख्खा मुलगा. दैवगति विचित्र खरी!

वर्णभेदाची रेषा गाडीच्या डब्यांतूनहि ओढलेली होती. ७ जून १८९२ रोजीं न्यू ऑर्लिन्स येथें होमर प्लेसी हा गृहस्थ मुद्दाम गोऱ्यांच्या डब्यांत बसला आणि त्याला अटक झाली. १८९६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, डबे समान असले म्हणजे ते निराळे असावयास हरकत नाहीं. डबे निराळे होते. समान कधींच नव्हते. प्लेसीला अटक झाली त्याला बरोबर एक वर्ष होत असतां, ७ जून १८९३ रोजीं, दक्षिण आफ्रिकेंत पीटरमॅरिट्झबर्गच्या स्टेशनावर एका तरुण हिंदी बॅरिस्टरला पहिल्या वर्गाच्या डब्यांतून खालीं उतरविण्यांत आलें. ही हकीकत श्रोत्यांना निराळी सांगावयास नको.

पण याच डब्यांतून प्रतिकारहि फिरत होता. शिकागोचें ‘डिफेंडर’ हें कृष्णवर्णीयांचें वृत्तपत्र दक्षिणेंतील गांवोगांवीं पोंचविलें तें पुलमनच्या सेवकांनीं. उत्तरेकडे काम मिळतें, मुलांना शाळा मिळते, ही वार्ता त्या पत्रांतून शेतमजुरांच्या झोंपड्यांत गेली आणि लाखों लोक गाडींत बसून उत्तरेस निघाले. २५ ऑगस्ट १९२५ रोजीं न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांत ए. फिलिप रँडॉल्फ यांनीं या सेवकांचा संघ स्थापिला. बारा वर्षें कंपनीनें त्याला दाद दिली नाहीं. कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. १९३७ मध्यें, तारीख पुन्हां २५ ऑगस्टच, कंपनीनें करारावर सही केली आणि महिन्याचे तास चारशेंवरून दोनशें चाळीसवर आले. हाच रँडॉल्फ १९४१ मध्यें अध्यक्ष रूझवेल्ट यांच्यापुढें उभा राहिला आणि राजधानीवर मोर्चा नेण्याची ताकीद देऊन त्यानें युद्धसाहित्याच्या कारखान्यांतील वर्णभेदाविरुद्ध हुकूम काढविला. १९५५ मध्यें मँटगोमरी येथील बसगाड्यांवरील बहिष्काराची जुळवाजुळव करणारा ई. डी. निक्सन हा पुलमनचाच सेवक. आणि १९६३ च्या वॉशिंग्टनच्या प्रचंड मोर्च्याचा प्रमुख होता वृद्ध रँडॉल्फ. उतारूंचे जोडे पुसणाऱ्या माणसांनीं एका राष्ट्राची सदसद्विवेकबुद्धि पुसून लख्ख केली, असें म्हटल्यास तें वावगें होणार नाहीं.

अमेरिकन रेल्वेची लांबी सर्वांत अधिक भरली ती १९१६ मध्यें : २,५४,००० मैल. १९२० सालीं तिनें शंभर कोटींहून अधिक उतारू वाहिले. त्यानंतर मोटारीनें तिला गांठलें. जगबुडीच्या मंदींत तर रिकामे डबे धांवूं लागले. तेव्हां कंपन्यांनीं एक शेवटची शर्थ केली, ती मात्र डोळे दिपविणारी होती. २६ मे १९३४ रोजीं बर्लिंग्टन कंपनीची ‘झेफर’ ही चकचकीत, न गंजणाऱ्या पोलादाची डीझेलगाडी पहांटे डेन्व्हरहून निघाली आणि १,०१५ मैल कोठेंहि न थांबतां १३ तास ५ मिनिटांत शिकागोस पोंचली. गाडींत वर्तमानपत्रांचे बातमीदार होते आणि एक गाढवहि होतें! वाटेंतील प्रत्येक फाटकावर पहारा होता, गांवोगांवचे लोक रुळांच्या कडेला उभे होते. न्यूयॉर्क आणि शिकागो यांच्यामधील ‘ट्वेंटिएथ सेंचुरी लिमिटेड’ ही गाडी १९३८ पासून सोळा तासांत तो पल्ला गांठूं लागली. तिच्या उतारूंसाठीं फलाटावर तांबडा गालिचा अंथरीत. आज त्याच दोन शहरांमधील गाडीला वीस तासांच्या आसपास लागतात, एवढें सांगितलें म्हणजे पुढील कथेचा रोख ध्यानांत येईल.

दुसऱ्या महायुद्धानें रेल्वेला पुन्हां भरभराटीचा भास करून दिला. पेट्रोल आणि टायर यांवर नियंत्रण, सैनिकांची ने-आण, यामुळें १९४४ मध्यें गाड्यांना पाय ठेवावयास जागा नव्हती. युद्ध संपलें आणि गर्दीहि संपली. १९४६ मध्यें नेपरव्हिल येथें एक वेगवान् गाडी दुसरीवर मागून आदळली. त्यानंतर १९४७ मध्यें सरकारी आयोगानें हुकूम काढला कीं, विशिष्ट स्वयंचलित सिग्नल असल्याखेरीज कोणतीहि गाडी ताशीं ८० मैल वा अधिक वेगानें चालवूं नये. हुकूम उतारूंच्या जिवासाठींच होता, त्यास दोष देतां येत नाहीं. पण यंत्रणा महाग. बहुतेक कंपन्यांनीं ती बसविण्याऐवजीं वेगच ७९ मैलांवर आणून ठेवला. आजहि अमेरिकेच्या बहुतेक मार्गांवर तीच मर्यादा आहे. १९५६ मध्यें अध्यक्ष आयसेनहॉवर यांनीं ४१,००० मैलांच्या महामार्गांचा कायदा केला आणि खर्चाचे शेंकडा नव्वद भाग मध्यवर्ती सरकारनें उचलले. १९५८ पासून जेट विमानें उडूं लागलीं. विमानतळ लोकांच्या पैशांनीं बांधलेले. रेल्वे मात्र आपला मार्ग आपण राखी, आपल्या स्टेशनांवर कर भरी, आणि युद्धकाळीं तिकिटांवर बसलेला करहि १९६२ पर्यंत तिच्या उतारूंच्या माथीं होता. शर्यत हरली असें म्हणतांना एकाच्या पायांत बेडी होती, हें सांगावयास नको काय?

तरीहि मृत्यूचा घाव आला तो टपालाकडून. उतारूगाडी नुसत्या तिकिटांच्या पैशांवर चालते हा समज बहुतेक ठिकाणीं खोटाच होता. १८६४ पासून गाड्यांना टपालाचे डबे जोडीत. त्यांत कारकून उभे राहून धांवत्या गाडींत पत्रें निवडीत, आणि जेथें गाडी थांबत नसे तेथें रुळांकाठच्या खांबाला टांगलेली थैली लोखंडी आंकड्यानें ओढून घेत. आपल्याकडील रेल्वेच्या टपालखात्याशीं परिचित असलेल्यांना हें चित्र सहज डोळ्यांपुढें येईल. या कारकुनांचा ‘ओनी’ नांवाचा एक लाडका कुत्रा होता. तो टपालाच्या थैल्यांवर झोंपून १८९७ पर्यंत देशभर हिंडला, आणि तो ज्या गाडींत असेल तिला अपघात होत नाहीं अशी त्या लोकांची श्रद्धा होती. १९६७ मध्यें टपालखात्यानें बहुतेक टपाल रेल्वेवरून काढून मोटारी आणि विमानें यांवर घातलें. टपालाचें उत्पन्न जातांच शेंकडों गाड्यांचा हिशेब एका रात्रींत उलटा झाला. त्याच वर्षीं डिसेंबरांत ‘ट्वेंटिएथ सेंचुरी’ शेवटची धांवली. न्यूयॉर्कचें १९१० मधील भव्य पेनसिल्व्हेनिया स्टेशन तर १९६३ पासूनच पाडावयास घेतलें होतें. त्या पाडापाडीची लोकांस इतकी चीड आली कीं, १९६५ मध्यें शहरानें जुन्या वास्तूंच्या रक्षणाचा कायदा केला. ग्रँड सेंट्रल स्टेशन वांचलें तें त्यामुळें.

१९७० च्या जून महिन्यांत पेन सेंट्रल ही बलाढ्य कंपनी दिवाळखोर ठरली, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत अध्यक्ष निक्सन यांनीं उतारूगाड्या एका निमसरकारी मंडळाकडे देणाऱ्या कायद्यावर सही केली. १ मे १९७१ रोजीं ‘अ‍ॅमट्रॅक’ सुरू झालें. त्याच दिवशीं शिल्लक गाड्यांपैकीं सुमारे निम्म्या कायमच्या बंद पडल्या. निरनिराळ्या कंपन्यांचे निरनिराळ्या रंगांचे जुने डबे एका गाडीला जोडलेले असत. कशाची हवा थंड होत नसे, कशाचें दार लागत नसे. हें मंडळ दोन-चार वर्षांत आपोआप विझेल, अशी पुष्कळांची अटकळ होती. कित्येकांची तर ती इच्छाच होती. तें विझलें नाहीं.

विझलें नाहीं, पण फोंफावलेंहि नाहीं. आणि याचें मुख्य कारण रुळांच्या मालकींत आहे. अ‍ॅमट्रॅकच्या गाड्या २१,००० मैलांहून अधिक मार्गांवर धांवतात. त्यांतले फार थोडे तिच्या मालकीचे आहेत. उरलेले मालगाड्या चालविणाऱ्या खासगी कंपन्यांचे. उतारूगाडीला आधीं वाट द्यावी असा कायदा आहे. परंतु दोन-दोन मैल लांबीची मालगाडी बाजूच्या रुळावर मावतच नसेल, तर बाजूस व्हावयाचें कोणी? मालगाडीच्या मागें उतारू तासन् तास ताटकळतात. ज्या देशाची मालवाहतूक रेल्वेवर इतकी उत्तम चालते, त्याच देशांत उतारू रखडावा, यांत जगाला दिसतो तेवढा विरोध नाहीं. एकाचें यश हेंच दुसऱ्याचें विघ्न झालें आहे.

मग ही गाडी हवी कोणाला? न्यूयॉर्क-वॉशिंग्टन मार्गावरील व्यापाऱ्यांस आणि वकिलांस ती हवी आहेच. तेथें २००० सालापासून ‘असेला’ ही वेगवान् गाडी आहे, आणि ऑगस्ट २०२५ पासून तिचा नवा अवतार ताशीं १६० मैलांपर्यंत धांवूं लागला. जो बायडन हे सिनेटर असतां विल्मिंग्टनहून राजधानीस रोज याच मार्गानें जात. अध्यक्ष झाल्यावर २०२१ मध्यें त्यांच्या कारकीर्दींत रेल्वेसाठीं ६,६०० कोटी डॉलरांची तरतूद झाली. परंतु शिकागोहून पश्चिमेस जाणाऱ्या ‘एंपायर बिल्डर’चे उतारू निराळे. नॉर्थ डाकोटा आणि मोंटाना या संस्थानांतील लहान गांवांना हिवाळ्यांत रस्ते बर्फानें बंद झाले म्हणजे तिचाच आधार. इस्पितळांत जाणारे म्हातारे, सुटीला घरीं परतणारे विद्यार्थी, मोटार आणि विमान दोन्ही न वापरणारे आमिश पंथाचे लोक त्यांत बसतात. तोटा दाखवून अशा गाड्या काढून टाकण्याची भाषा दर कांहीं वर्षांनीं निघते, आणि दर वेळीं त्या गांवांचे प्रतिनिधि, मग ते कोणत्याहि पक्षाचे असोत, एकजुटीनें उभे राहतात. सन २०२४ मध्यें अ‍ॅमट्रॅकनें सव्वातीन कोटींहून अधिक उतारू वाहिले. तोंपर्यंतच्या तिच्या आयुष्यांतला तो उच्चांक होता.

नव्या योजनांची कथा संमिश्र आहे. जपाननें १ ऑक्टोबर १९६४ रोजीं आपली शिंकान्सेन चालू केली. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीं लॉस एंजेलिस-सॅन फ्रान्सिस्को अंतर दोन तास चाळीस मिनिटांत तोडणाऱ्या गाडीसाठीं कर्ज मंजूर केलें तें २००८ मध्यें, आणि बांधकामास आरंभ झाला २०१५ मध्यें. जमिनीचे दावे, निरनिराळ्या खात्यांच्या परवानग्या, पैशांचा तुटवडा यांत वर्षें गेलीं. खर्चाचा अंदाज सुमारे ३,३०० कोटी डॉलरांवरून १०,००० कोटींच्या वर गेला, आणि २०२५ मध्यें मध्यवर्ती सरकारनें आपले सुमारे ४०० कोटी डॉलर परत घेतले. उलट फ्लॉरिडांत ‘ब्राइटलाइन’ या खासगी कंपनीनें मायामीपासून सुरू केलेली गाडी सप्टेंबर २०२३ मध्यें ऑर्लँडोपर्यंत नेली. मात्र तिच्या मार्गावर रस्ते रुळांस जागजागीं छेदतात, आणि अपघातांनीं तिच्या नांवास डाग लागला आहे. लास व्हेगास आणि दक्षिण कॅलिफोर्निया यांच्यामध्यें २१८ मैलांचा नवा मार्ग घालण्याचा आरंभ-समारंभ त्याच कंपनीच्या एका शाखेनें एप्रिल २०२४ मध्यें केला.

परंतु भविष्याची खरी परीक्षा वाळवंटांत नसून न्यूयॉर्कच्या वेशीवर आहे. हडसन नदीखालून शहरांत शिरणारे दोन बोगदे १९१० सालचे. जुन्या पेनसिल्व्हेनिया स्टेशनाबरोबरच ते खुले झाले. स्टेशन पाडतां आलें, बोगदे पाडतां येत नाहींत. ऑक्टोबर २०१२ मधील सँडी वादळांत समुद्राचें पाणी त्यांत शिरलें, आणि मागें राहिलेलें मीठ काँक्रीट आणि तारा अजून खात आहे. जोडीला नवे दोन बोगदे खणून झाल्याखेरीज जुन्यांपैकीं एकहि दुरुस्तीसाठीं पुरा बंद करतां येत नाहीं. कारण रोज सुमारे दोन लाख माणसें त्यांतूनच ये-जा करतात. म्हणून तेथील कामगार रात्रीं आणि शनिवार-रविवारीं, गाड्या कमी असतांना खालीं उतरतात, सांपडेल तेवढ्या वेळांत डागडुजी करतात, आणि सोमवारची पहिली गाडी येण्यापूर्वी हत्यारें गोळा करून वर येतात.